नव्या औषधाची बातमी छापताना किती पेशंट आणि किती महिने तेवढं छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अंगावर फोड येणाऱ्या ऑटोइम्यून आजारावर नवीन इंजेक्शन आल्याची बातमी वाचली. चार कॉलम, मोठा फोटो आणि मथळ्यात ‘साईड इफेक्टशिवाय’. माझं सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला छोटं मेडिकल आहे, सोमवारी सकाळी शटर वर करायच्या आधीच दोघं जण मोबाईलवर ते पान घेऊन उभे, कधी येणार, कितीला पडेल, पुण्याहून मागवून देता का. त्यातल्या एकाला तर हा आजारच नाही, त्याला सोरायसिस आहे, पण कातडीचं औषध म्हणलं की सगळं एकच असं लोकांना वाटतं, त्यात त्यांचा तरी काय दोष.

बातमी छापली म्हणून माझा राग नाही, असल्या आजारावर कोण लिहितं एरवी. पण ते इंजेक्शन किती लोकांना दिलं, किती महिने त्यांच्यावर लक्ष ठेवलं, कशाशी तुलना केली आणि कोणाला काय त्रास झाला यातलं एक वाक्य त्या चार कॉलमात नाही. साईड इफेक्टच नाही असं औषध मी तरी दुकानात अजून पाहिलेलं नाही, ओआरएसच्या पुडीलासुद्धा पाण्याचं माप पाळावं लागतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, असल्या आजारांतले दोन इथं येतात, पेम्फिगस आणि पेम्फिगॉईड. कातडीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारी काही प्रोटीन असतात, पेम्फिगसमध्ये आपलंच शरीर त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, मग पेशींची पकड सुटते, पातळ फोड येतात, फुटतात आणि खालचं लालभडक मांस उघडं पडतं. दुसरा पेम्फिगॉईड, तो जास्त करून म्हाताऱ्या माणसांना होतो, त्यात आधी भयंकर खाज आणि मग टणक, भरलेले फोड. दोन्ही संसर्गजन्य नाहीत, ताट-वाटी वेगळी ठेवायची काही गरज नाही. आपल्या देशात पेम्फिगस जास्त दिसतो आणि तोही कमावत्या, लेकुरवाळ्या वयात.

माझ्या मोठ्या जाऊबाईंना पेम्फिगस आहे. सुरुवात तोंडातून झाली, आधी तिखट सोसेना, मग कडक भाकरी बंद, शेंगा चटणी बंद, शेवटी शेवटी वरणभातसुद्धा गिळवेना. दाताच्या डॉक्टरकडून जेल झालं, बी कॉम्प्लेक्स झालं, कोणी उष्णता म्हणलं म्हणून गुलकंद अन् सब्जा झाला, पाठीवर फोड आले तेव्हा गल्लीनं नागीण ठरवून गेरूचा लेप लावून दिला. स्किनच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला तेव्हा कुठं नाव कळलं. वॉर्डात त्यांना केळीच्या पानांवर झोपवलं होतं, कारण कापड ओल्या कातडीला चिकटतं आणि ओढलं की सालटं निघतात, पान चिकटत नाही. आमचे भाऊजी रोज पहाटे मंडईतून पानं आणायचे, मधला दांडा सुरीनं तासून सपाट करायचा, ओल्या फडक्यानं दोन्ही बाजू पुसायच्या, वर तेलाचा हात फिरवायचा आणि मग हळूच कुशीखाली सरकवायचं, दुपारपर्यंत पान काळं पडलं की दुसरं. चादरीच्या गावात बाईला चादर चालेना.

हे सांगायचं कारण म्हणजे अशा पडलेल्या माणसाला तुम्ही कुठलंही औषध दाखवा, तो हो म्हणणारच. त्या वेळी जाऊबाईंना कोणी कागद पुढं केला असता तर त्यांनी न वाचता अंगठा दिला असता, आणि आम्हीपण द्यायला लावला असता. म्हणून औषध सुरक्षित आहे का नाही हे तपासायचं काम पेशंटच्या इच्छेवर सोडून चालत नाही, ते ज्याला घाई नाही अशा माणसानं करायचं असतं, आणि ज्यानं ते केलं त्यानं काय बघितलं हे आमच्यापर्यंत पोचलं पाहिजे.

आता सुरक्षित म्हणजे कशापेक्षा सुरक्षित, हाच मुख्य प्रश्न आहे बघा. 1950 च्या आसपास स्टिरॉईड यायच्या आधी पेम्फिगस झालेली बहुतेक माणसं काही वर्षांतच जायची. स्टिरॉईडनं जीव वाचले हे खरंच, त्याला नावं ठेवणाऱ्यातली मी नाही. पण वर्ष-वर्ष मोठ्या डोसवर राहिलेला माणूस मी काउंटरवरून रोज बघते, तोंड गोल झालेलं, शुगर वाढलेली, हाडं ठिसूळ, डोळ्यात मोतीबिंदू, आणि आपल्याकडं तर दबून बसलेला टीबी वर यायची भीती वेगळीच. नंतर 1980 च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पसरिचांनी पल्स पद्धत आणली, महिन्यातून तीन दिवस डेक्सामेथासोन या स्टिरॉईडचा मोठा डोस सलाईनमधून, त्यातल्या एका दिवशी सायक्लोफॉस्फमाईड हे कॅन्सरमध्ये वापरतात ते औषध. देशभरात हजारोंना त्याचा फायदा झाला, पण त्या सायक्लोफॉस्फमाईडनं तरुण बायकांची पाळी कायमची जाऊ शकते, पुरुषांचं बीज कमी होऊ शकतं. तिशीतल्या बाईसाठी हा साईड इफेक्ट बारीक अक्षरात लिहायचा असतो का?

आणि जुनं औषध सवयीचं झालंय म्हणून ते सुरक्षित, असंही नाही. फ्रान्समध्ये पेम्फिगॉईडच्या 341 पेशंटवर अभ्यास झाला, 2002 साली छापून आला. अर्ध्यांना तोंडावाटे प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉईड आणि अर्ध्यांना नुसतं अंगभर लावायचं जोरदार स्टिरॉईड क्रीम. ज्यांचा आजार जास्त पसरलेला होता त्यांच्यात वर्षानंतर क्रीमवाल्यांतले शंभरातले 76 जिवंत होते आणि गोळीवाल्यांतले 58. म्हणजे कितीतरी वर्षं डॉक्टर ज्या गोळीवर भरवसा ठेवून होते तीच म्हाताऱ्या माणसांना झेपत नव्हती, आणि शेजारी शेजारी ठेवून मोजल्याशिवाय ते कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण म्हातारं माणूस गेलं की लोक वयच झालं होतं म्हणतात.

तसाच दुसरा अभ्यास इंग्लंड आणि जर्मनीतला, 2017 चा, 253 पेशंट. यात डॉक्सीसायक्लिन, म्हणजे आपण पिंपल्सला नाहीतर तापाला देतो ती साधी अँटिबायोटिक, प्रेडनिसोलोनच्या समोर उभी केली. सहा आठवड्यांत फोड आटोक्यात आले ते स्टिरॉईडवर शंभरात 91 जणांचे आणि डॉक्सीवर 74 जणांचे. इथं थांबलं तर स्टिरॉईड जिंकलं. पण त्यांनी वर्षभर बघितलं, तेव्हा गंभीर, जिवावर बेतणारे किंवा जीव घेणारे त्रास स्टिरॉईडवाल्यांत 36 टक्के आणि डॉक्सीवाल्यांत 18 टक्के, निम्मे. आता सांगा यातलं चांगलं औषध कुठलं? माझं मत विचाराल तर ऐंशी वर्षांच्या सासूबाईंसाठी मी डॉक्सीपासून सुरू करा म्हणेन आणि अंगभर फोड असलेल्या पन्नाशीच्या माणसासाठी कदाचित म्हणणार नाही, शेवटी ठरवायचं त्यांच्या डॉक्टरांनी. पण हा हिशेब करायला दोन्ही आकडे लागतात, आणि पेपरात नेहमी पहिलाच येतो.

आता नव्याकडे येते. रिटुक्सिमॅब हे मूळ कॅन्सरचं इंजेक्शन, अमेरिकेत 1997 ला लिम्फोमासाठी मंजूर झालं आणि पेम्फिगससाठी 2018 ला. आपल्याकडं हैदराबादच्या डॉ. रेड्डीजनं 2007 मध्ये त्याचं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच बनवलेलं औषध, काढलं, तसलं ते जगातलं पहिलं, त्यामुळंच ते आपल्यासारख्यांच्या आवाक्यात तरी आलं. जाऊबाईंना तेच दिलं, दोन डोस, पंधरा दिवसांच्या अंतरानं, आणि आज त्या भाकरी खातात. पण मी बाजू घेतेय म्हणून आकडे लपवत नाही. ज्या फ्रेंच ट्रायलमुळं त्याला मान मिळाला त्यात सगळे मिळून 90 पेशंट होते, 46 जणांना रिटुक्सिमॅब आणि थोडे दिवस स्टिरॉईड, 44 जणांना नुसतं स्टिरॉईड. दोन वर्षांनी औषध बंद करूनही पूर्ण बरे राहिलेले 89 टक्के विरुद्ध 34 टक्के. गंभीर त्रासाच्या घटना नव्या औषधाच्या गटात 27 आणि जुन्यात 53. म्हणजे इथं नवीन औषध जास्त गुणकारी आणि कमी त्रासाचं निघालं, फारच चांगली गोष्ट.

पण 46 म्हणजे 46. यासाठी आकडेशास्त्रात एक सोपा नियम आहे, तीनचा नियम म्हणतात. समजा 46 जणांत एखादा वाईट परिणाम एकदाही दिसला नाही, तरी छातीठोकपणे एवढंच म्हणता येतं की तो साधारण पंधरात एकापेक्षा जास्त वेळा होत नसणार. पंधरात एक! तीनला पेशंटच्या संख्येनं भागायचं, बस्स. तीनशे जणांवर काही झालं नाही तर शंभरात एक, तीन हजारांवर काही झालं नाही तर हजारात एक. म्हणजे हजारात एकाला होणारी भानगड पकडायची तर तीन हजार पेशंट पाहिजेत, आणि या आजाराचे पेशंट मुळातच कमी, तेवढे एका ट्रायलला जमवायचे कुठून. रिटुक्सिमॅबचं एक बरं की ते आधी कॅन्सर आणि संधिवातात लाखो लोकांना देऊन झालं होतं, म्हणून हिपॅटायटीस बी दबलेला असेल तर तो उसळून लिव्हर जाऊ शकतं हे आधीच माहीत होतं, मेंदूचं एक दुर्मिळ इन्फेक्शन होतं तेही माहीत होतं. म्हणून तर इंजेक्शनच्या आधी हिपॅटायटीस आणि टीबीच्या टेस्ट करतात. काही जण पैसे वाचवायला त्या टेस्ट टाळायला बघतात, टाळू नका ओ.

आणि काही गोष्टी कुठल्याच ट्रायलमध्ये दिसू शकत नाहीत. अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींचा साठाच हे इंजेक्शन काही महिने रिकामा करतं, तेव्हा कोणाच्या स्वप्नात होतं की पुढं कोविड येईल. आला, तेव्हा ही मंडळी जास्त आजारी पडली आणि लस घेऊनही त्यांच्यात अँटिबॉडी नीट तयार होईनात.

ताजं उदाहरण डुपिलुमॅब नावाच्या इंजेक्शनचं, पेम्फिगॉईडसाठी अमेरिकेनं ते जून 2025 मध्ये मंजूर केलं. ट्रायल 106 जणांची. 36 आठवड्यांनी स्टिरॉईड सुटलेलं आणि आजार शांत राहिलेला असे साधारण पाचात एक, औषध नसलेलं नुसतं इंजेक्शन घेणाऱ्यांत त्याहून बरेच कमी. चांगलं आहे, दम्याला, एक्झिमाला ते आधीपासून वापरात आहे म्हणून धीरही येतो, पण आजार मुळापासून बरा करणारं वगैरे नाही हो.

जी औषधं ट्रायलमध्ये नापास झाली त्यांची बातमी मात्र कधी दिसली नाही. पेम्फिगससाठी रिल्झाब्रुटिनिब नावाची गोळी 2021 मध्ये शेवटच्या टप्प्याच्या ट्रायलमध्ये पडली, एफगार्टिगिमॉड नावाचं इंजेक्शन 2023 मध्ये पडलं. दोन्हींचे सुरुवातीचे रिझल्ट झकास होते. ज्यांनी त्या ट्रायलमध्ये भाग घेतला त्यांच्यामुळं आज बाकीच्यांचा पैसा आणि जीव वाचतोय, ती पण बातमीच आहे की.

माणसावर पहिल्यांदा औषध देताना काय होऊ शकतं याला लंडनची 2006 ची गोष्ट पुरे. ऑटोइम्यून आजारांसाठी बनवलेलं टीजीएन 1412 नावाचं औषध, प्राण्यांना जो डोस सोसला त्याच्या पाचशेव्या भागाइतका डोस, आणि तरी सहाच्या सहा निरोगी तरुण काही तासांत आयसीयूत. जीव वाचले. चूक अशी की सहाही जणांना पाठोपाठ, काही मिनिटांच्या अंतरानं दिलं होतं, त्यानंतर पहिल्याला देऊन थांबायचं, बघायचं, मग पुढचा, ही पद्धत पक्की झाली. ट्रायल म्हणजे वेळ काढतात असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता माझ्या काउंटरवरचा विषय. विल्डाग्लिप्टिन ही शुगरची गोळी, 2019 च्या शेवटी पेटंट संपल्यावर स्वस्त झाली आणि आता दर दुसऱ्या चिठ्ठीवर असते. हजारो लोकांवर ट्रायल होऊन आलेली, चांगली गोळी. पण बाजारात येऊन काही वर्षं गेल्यावर वेगवेगळ्या देशांतल्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा दिसलं की या जातीच्या गोळ्यांवर, त्यातही विल्डाग्लिप्टिनवर, पेम्फिगॉईड व्हायचं प्रमाण वाढतं. म्हणजे ज्या आजारावर आपण नवीन औषध शोधतोय तो आजार दुसऱ्याच एका औषधानं उठू शकतो, आणि हे ट्रायलनं नाही, नंतर साध्या डॉक्टरांनी भरलेल्या नोंदींनी पकडलं. प्रमाण थोडंच आहे, हे वाचून कोणी गोळी मनानं बंद करू नका, शुगर चारशेवर गेली तर मला शिव्या द्याल. पण साठी-सत्तरीच्या माणसाला या गोळीवर असताना खाज सुटून फोड यायला लागले तर डॉक्टरला गोळीचं नाव आवर्जून सांगा, रॅपर सोबत न्या.

अशा नोंदी आपल्याकडं कोण करतं? 2010 पासून केंद्राचा फार्माकोव्हिजिलन्स, म्हणजे औषधांच्या साईड इफेक्टवर लक्ष ठेवायचा, कार्यक्रम आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालतो, टोल फ्री नंबर 1800-180-3024. पेशंट स्वतः भरू शकतो असा साधा फॉर्मपण आहे, मराठीत आहे, तेलुगूत, कन्नडमध्येपण आहे. माझ्या ओळखीच्या दुकानदारांपैकी कोणाला विचारा, हा फॉर्म पाहिलाय असा सापडणं मुश्किल. एका नर्सिंग होममध्ये मी जाऊबाईंच्या पहिल्या इंजेक्शनला आलेल्या थंडीतापाची नोंद करायला सांगितली तर ‘मॅडम हे नॉर्मल आहे, कशाला लिहायचं’. नॉर्मल आहे हे बरोबरच, पहिल्या डोसला बऱ्याच जणांना येतो. पण आपल्याकडची कंपनी, आपल्याकडचा उन्हाळा, आपली शुगर, आपला टीबी, यातून काय वेगळं होतंय हे फ्रान्समधल्या 46 जणांवरून कसं कळणार? ते आपल्याच माणसांच्या नोंदीतून कळेल.

भाषेचं मुद्दाम लिहिते. आमच्या भागात विड्या वळणाऱ्या निम्म्या बायका घरात तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडून येणारी मंडळी कन्नड. त्यांच्यातली एक अक्का दर महिन्याला चुरगळलेली जुनी चिठ्ठी घेऊन ‘ती पांढरी बारकी गोळी’ मागायला यायची, वीस मिलिग्रॅमची प्रेडनिसोलोन, कमी करत आणायची आहे हे तिला कोणी तिच्या भाषेत सांगितलंच नव्हतं. मी परत पाठवली डॉक्टरकडं, नातवाला सोबत घेऊन जा म्हणलं. अशा बाईला उद्या ट्रायलसाठी विचारलं तर संमतीचा कागद मराठीत असून काय उपयोग? ट्रायलसाठीच्या 2019 च्या नियमांप्रमाणं पेशंटला समजेल अशा भाषेत माहिती द्यावीच लागते, ट्रायलमुळं इजा झाली तर उपचार फुकट आणि नुकसानभरपाई, गंभीर घटना डॉक्टरनं 24 तासांत कळवायची. ट्रायलची नोंद सीटीआरआयच्या, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीच्या, वेबसाईटवर 2009 पासून सक्तीची आहे, कोणीपण फुकट बघू शकतं. ‘आपल्याला उंदीर बनवतात’ म्हणून घाबरणाऱ्यांना मी हेच सांगते, नोंद आहे का बघा, पेशंटच्या हिताकडं बघणाऱ्या एथिक्स कमिटीचा फोन नंबर कागदावर आहे का बघा, आणि कागदाची प्रत घरी आणा, वाचायला कोणी नसेल तर दुकानात या.

तर साहेब, मागणी छोटी आहे. नव्या औषधाच्या बातमीला एक चौकट करा, पेशंट किती, किती महिने, समोर दुसरं कुठलं औषध होतं, गंभीर त्रास दोन्हीकडं किती, आणि भारतात मंजूर आहे का. आणि खाली तो टोल फ्री नंबर. बातमीदाराला यातलं बहुतेक मूळ रिपोर्टच्या पहिल्या पानावर मिळतं, फार शोधावं लागत नाही. जागा नसेल तर फोटो थोडा बारीक करा. आणि जमलं तर येत्या रविवारी त्याच इंजेक्शनची ही चौकट छापा, त्या दोघांपैकी ज्याला खरोखर पेम्फिगॉईड आहे त्याला मी थांबा म्हणून सांगितलंय.

आपली,
एक मेडिकलवाली, सोलापूर